छातीत चरबीची गाठ निघाली आणि रिपोर्टखाली 'बायोप्सी करा' लिहिलंय, तर आधी काय बघायचं?

प्रश्न असा आलाय. आईचं वय ६१, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी छातीचा एक्सरे काढला तर हृदयाच्या उजव्या कडेला, खाली डायफ्रॅमजवळ (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) सावली दिसली. मग सीटी झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की उजव्या कार्डिओफ्रेनिक अँगलमध्ये ९ सेंटीमीटरची फॅट डेन्सिटीची गाठ आहे, शक्यता म्हणून लायपोमा (चरबीची साधी गाठ), थायमोलायपोमा (थायमस ग्रंथीतून निघालेली चरबीची गाठ), लायपोसार्कोमा (चरबीचा कॅन्सर) आणि डायफ्रॅमचा हर्निया अशी चार नावं एका ओळीत, आणि शेवटी 'बायोप्सी सजेस्टेड'. आईंना त्रास तसा काहीच नाही, दमा आहे, त्यासाठी अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात. विचारलंय की हा कॅन्सर आहे का, सुई टाकून तुकडा काढायचा का, आणि एमआरआय किंवा पेट स्कॅन (साखर जास्त ओढणारा भाग ज्यात चमकून दिसतो) करून घेऊ का.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी वाचणं हे माझं रोजचं काम. तुमच्या आईंचा स्कॅन माझ्यासमोर नाही त्यामुळे निदान मी इथून सांगणार नाही, पण एक गोष्ट ठामपणे सांगतो: सुई आत्ता थांबवा. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय छातीतल्या चरबीच्या गाठीला कोणी सुई लावू नये. पहिला, ही चरबी आली कुठून, म्हणजे तिचं मूळ छातीतच आहे की ती पोटातून वर सरकलीय. दुसरा, या गाठीत चरबी सोडून दुसरं काही आहे का. बहुतेक वेळा ही दोन्ही उत्तरं झालेल्या सीटीतच असतात, फक्त कोणीतरी बसून शोधावी लागतात.

आधी हे चरबीच आहे हे ठरतं कसं ते सांगतो, कारण घोळाची सुरुवात इथूनच होते. सीटी मशीन प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतं, त्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात, ज्यांनी सीटी शोधला त्या गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या नावाने (१९७९ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना मिळालं). पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, स्नायू साधारण अधिक ५० च्या आसपास, आणि चरबी ढोबळमानाने उणे ५० ते उणे १२० मध्ये. शरीरात सॉलिड दिसणारं आणि तरी इतक्या उणे आकड्याचं चरबीशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून चरबी सापडणं ही खरं तर चांगली बातमी असते, शक्यतांची यादी एकदम छोटी होते.

पण आकडा नीट मोजला तर. स्क्रीनवर गाठीत छोटं वर्तुळ काढायचं, कडेपासून लांब, मधोमध, आणि ते १ ते १.५ मिलिमीटरच्या बारीक स्लाइसवर काढायचं. जाड ५ मिलिमीटरच्या स्लाइसवर गाठीच्या कडेला वर्तुळ पडलं की शेजारच्या फुप्फुसातली हवा त्यात मिसळते आणि साध्या मांसल गाठीचाही आकडा उणे ६० येऊ शकतो, म्हणजे जिथे चरबी नाही तिथे चरबी दिसते आणि ट्यूमरला लायपोमा म्हणून सोडून दिलं जातं. उलटंही होतं, थोडी चरबी आणि थोडा मांसल भाग एकाच ठिपक्यात आले की सरासरी अधिक १० वगैरे येते आणि चरबी लपून जाते. माझी सवय म्हणजे त्याच स्लाइसवर दुसरं वर्तुळ पेशंटच्या कातडीखालच्या चरबीत काढायचं. ती उणे १०५ आणि गाठ उणे १०० असेल तर शंका राहत नाही, कातडीखाली उणे १०५ आणि गाठ उणे २५ असेल तर ही शुद्ध चरबी नाही, काहीतरी मिसळलंय असं समजून पुढे शोधायचं. आणि हे मेडियास्टायनल विंडोवर, म्हणजे छातीच्या मधल्या मऊ भागांसाठी लावलेल्या स्क्रीनच्या सेटिंगवर बघायचं, फुप्फुसासाठीच्या लंग विंडोवर चरबी आणि मांस जवळपास सारखंच पांढरं दिसतं, नातेवाईक मोबाईलवर एकच फोटो पाठवतात तो नेमका लंग विंडोचा असतो, त्यावरून काहीच सांगता येत नाही.

आता तुमच्या आईंच्या जागेकडे येऊ. उजवा कार्डिओफ्रेनिक अँगल म्हणजे हृदय आणि डायफ्रॅम जिथे भेटतात तो पुढचा कोपरा. इथे प्रत्येक माणसाला थोडी चरबी असतेच, त्याला पेरिकार्डियल फॅट पॅड म्हणतात, वजन जास्त असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर ती चांगलीच वाढते. तिला वेगळं आवरण नसतं, ती आजूबाजूच्या चरबीत मिसळून जाते, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असते, कशालाही ढकलत नाही. एक्सरेत मात्र ती हृदयाची कड पुसून टाकते आणि सावली म्हणून रिपोर्टमध्ये येते. अशा कित्येक लोकांना गाठ आहे म्हणून आठवडाभर झोप लागत नाही आणि सीटीत निघते नुसती चरबी.

पण या कोपऱ्यात ९ सेंटीमीटरचा चरबीचा गोळा आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते मॉर्गानी हर्नियाचं. छातीच्या हाडामागे डायफ्रॅममध्ये जन्मतःच एक छोटी फट राहू शकते, इटलीचे शरीरशास्त्रज्ञ मॉर्गानी यांनी अठराव्या शतकात तिचं वर्णन केलं. डाव्या बाजूला हृदय आणि त्याची पिशवी टेकलेली असल्याने ती बाजू झाकली जाते, म्हणून दहातले नऊ हर्निया उजवीकडेच सापडतात. त्या फटीतून पोटातली ओमेंटम नावाची चरबीची चादर हळूहळू वर चढते, कधी तिच्यामागून मोठं आतडंही येतं. वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही आणि साठीत कसल्यातरी वेगळ्याच कारणाने काढलेल्या एक्सरेत ती दिसते, म्हणजे हुबेहूब तुमच्या आईंसारखी गोष्ट.

आडव्या स्लाइसमध्ये हा हर्निया आणि लायपोमा जुळ्यासारखे दिसू शकतात, आणि घाईत वाचलेल्या रिपोर्टमध्ये चार नावं का येतात तर त्याचं कारण हेच. फरक दिसतो उभ्या कापांत, म्हणजे सॅजिटल आणि कोरोनल इमेजेसमध्ये. तिथे तीन गोष्टी बघायच्या. डायफ्रॅमची रेघ पुढे छातीच्या हाडापर्यंत सलग जाते की मध्येच तुटते. गाठीतली चरबी त्या तुटलेल्या जागेतून खाली पोटातल्या चरबीला जाऊन मिळते का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाठीतल्या बारीक बारीक रक्तवाहिन्या कुठून आल्यात. ओमेंटमच्या वाहिन्या बारीक दोऱ्यांसारख्या दिसतात, एकेक स्लाइस खाली सरकवत त्यांच्यामागे गेलं की त्या फटीतून उतरून पोटात शिरताना दिसतात. हे दिसलं की निदान झालं, मग ना सुई ना एमआरआय. आणखी एक खूण म्हणजे ट्रान्सव्हर्स कोलन, मोठ्या आतड्याचा मधला भाग, नेहमीच्या जागेपेक्षा वर ओढलेला असतो, तंबूच्या टोकासारखा फटीकडे ताणलेला. अशा गाठीत सुई टाकली तर बेस्ट केस मध्ये रिपोर्ट येईल 'साधी चरबी', आणि वाईटात वाईट म्हणजे आतड्याला भोक. म्हणून मी सुई थांबवा म्हणतोय.

याच कोपऱ्यात येणारी दुसरी म्हणजे थायमोलायपोमा. थायमस ग्रंथी असते वर, गळ्याखाली छातीच्या हाडामागे, पण तिच्यातून निघालेली ही मऊ गाठ वजनाने खाली ओघळत येते आणि हृदयाच्या कडेला पसरते, कधी कधी इतकी की एक्सरेत हृदय मोठं झालंय असं वाटतं आणि पेशंट आधी कार्डिऑलॉजिस्टकडे जातो. सीटीत चरबीच्या मधे थायमसच्या टिश्यूचे पट्टे दिसतात, आणि वरपर्यंत मागोवा घेतला तर थायमसच्या जागेशी एक देठ सापडतो. हिचं मूळ वर, हर्नियाचं मूळ खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. थायमोलायपोमा निघाला तर पापण्या उतरणं, संध्याकाळी दोन दोन दिसणं, चावताना दमणं असं काही होतं का ते विचारायचं, कारण काही पेशंटमध्ये सोबत मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार असतो. गाठ कॅन्सरची नसते, पण मोठी होत असेल किंवा दाबत असेल तर काढतात.

स्टिरॉइडचा मुद्दा तुम्ही लिहिलात ते फार बरं केलंत, हे फॉर्मवर क्वचितच कोणी लिहितं. दम्यासाठी गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर छातीच्या मधल्या भागात सगळीकडेच चरबी साठते, त्याला मेडियास्टायनल लायपोमॅटोसिस म्हणतात. एक्सरेत वरचा भाग रुंद दिसतो, लिम्फ नोड आहेत की महाधमनी फुगलीय अशी धास्ती बसते, सीटीत सगळीकडे एकसारखी स्वच्छ चरबी आणि श्वासनलिका जागच्या जागी. याला काहीच करावं लागत नाही, मात्र स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही, ते छातीच्या डॉक्टरांना विचारून.

मग लायपोसार्कोमा. या शब्दाने तुमची झोप उडाली असणार. छातीच्या आत तो दुर्मीळ आहे, पण दुर्मीळ आहे म्हणून विसरायचा नाही. मी ज्या गोष्टींवर थबकतो त्या अशा: चरबीच्या आत जाड पडदे, २ मिलिमीटरपेक्षा जाड, वेडेवाकडे, चरबीच्या मधे मांसल गोळा, जो कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर उजळतो, गाठ १० सेंटीमीटरच्या पुढे, एकूण गाठीत चरबीचा वाटा कमी आणि बाकीचं जास्त, आणि गाठ आजूबाजूच्या अवयवांत शिरतेय, नुसती ढकलत नाहीये. जुना सीटी किंवा एक्सरे असेल तर मागच्या काही वर्षांत ती वाढलीय का. नुसता मोठा आकार बघून घाबरायचं नाही, कारण हर्निया आणि थायमोलायपोमा दोन्ही खूप मोठे होऊ शकतात. एकसारखी चरबी, पातळ आवरण, आत काही नाही, अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते. एक अडचण अशी की मिक्सॉइड नावाच्या प्रकारात चरबी इतकी कमी असते की सीटीत ती पाण्याच्या गाठीसारखी दिसते, तिथे इंजेक्शन देऊन केलेला सीटी किंवा एमआरआयच उपयोगी पडतो.

खरोखर शंका असेल तर बायोप्सी करावीच, मी बायोप्सीच्या विरोधात नाही, मी आंधळ्या बायोप्सीच्या विरोधात आहे. सुई त्या मांसल भागात, उजळणाऱ्या भागात जायला हवी. चरबीत घातली तर पॅथॉलॉजिस्टला चरबीच मिळणार आणि रिपोर्ट 'मॅच्युअर अ‍ॅडिपोज टिश्यू' असा येणार, घरचे पेढे वाटणार आणि खरा आजार तसाच राहणार. त्यामुळे फॉर्मवर 'फॅटी मास, बायोप्सी प्लीज' एवढंच न लिहिता कुठल्या भागातून हवी ते लिहायला हवं, आणि एफएनएसी (बारीक सुईने नुसत्या पेशी ओढणं) नाही, जाड सुईची कोअर बायोप्सी. पॅथॉलॉजीत शंका उरली तर एमडीएम२ नावाच्या जीनची तपासणी करतात, वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमात हा जीन जास्त प्रमाणात वाढलेला सापडतो, साध्या लायपोमात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळपास सारखे दिसतात तेव्हा ही टेस्ट खरा निकाल देते.

छातीत चरबी दुसऱ्या कुठल्या जागी सापडली तर गोष्ट पूर्ण बदलते. वाचणाऱ्यांत ज्युनियर डॉक्टरही असतील म्हणून हे थोडं पुढे नेतो.

विशी-तिशीतला पेशंट, छातीच्या पुढच्या कप्प्यात गाठ, आणि तिच्यात चरबी, पाणी, मांसल भाग, कॅल्शियम असं सगळंच एकत्र, तर तो टेराटोमा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या टिश्यूंची मिळून बनलेली गाठ. वरणावर तूप तरंगावं तशी पाण्यावर चरबीची आडवी पातळी दिसली तर तिथे दुसरं नावच घ्यायला नको. कधी आत दातसुद्धा दिसतो. या गाठीत स्वादुपिंडाचा टिश्यू असू शकतो आणि त्यातले पाचक रस आवरण खाऊन ती फुटते, श्वासनलिकेत फुटली तर पेशंटच्या खोकल्यातून केस येतात, हे ऐकायला विचित्र वाटतं पण पेशंट असं सांगत असेल तर ते हसण्यावारी न्यायचं नाही, ते निदानच आहे. पुरुष पेशंट असेल तर रक्तात एएफपी आणि बीटा एचसीजी हे ट्यूमर मार्कर आधी बघायचे, ते वाढलेले असतील तर हा साधा टेराटोमा नाही आणि उपचारांची वाटच वेगळी.

फुप्फुसाच्या आत, कडेला, गुळगुळीत गोल छोटी गाठ आणि तिच्यात चरबीचा ठिपका, तर बहुतेक हॅमार्टोमा, फुप्फुसातली सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ. पॉपकॉर्नसारखं कॅल्शियम पुस्तकात सगळीकडे असतं पण प्रत्यक्षात ते कमी पेशंटमध्ये दिसतं, चरबी मात्र सीटीत साधारण निम्म्या लोकांत सापडते, म्हणून बारीक स्लाइसवर चरबी शोधायला वेळ द्यावा. अडीच सेंटीमीटरपर्यंतची गाठ, गुळगुळीत कड, आत उणे ४० ते उणे १२० चा भाग, हे जमलं की पेशंटला ऑपरेशन टेबलपासून वाचवता येतं. एकच प्रश्न आधी विचारायचा: मांडीतली किंवा पोटातली चरबीची मोठी गाठ कधी काढली होती का. कारण लायपोसार्कोमा फुप्फुसात पसरला तर त्या गाठींतही चरबी असू शकते, आणि पेशंट पंधरा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन आपणहून सांगत नाही.

आणि लायपॉइड न्यूमोनिया. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तो आपल्या घरांतून येतो. तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर नाकात तेलाचे थेंब सोडणं, झोपवून तोंडात तूप किंवा एरंडेल घालणं, हे आपल्याकडे प्रेमाने केलं जातं, आजीने केलं, आईने केलं. पण तेल घशाला टोचत नाही, ठसका लागत नाही, ते गुपचूप श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं आणि तिथेच बसतं. बाळाचा न्यूमोनिया अँटिबायोटिकने हटत नाही, टीबीची शंका येते, औषधंसुद्धा सुरू होतात. सीटीत फुप्फुसाच्या मागच्या आणि खालच्या भागांत पांढरे पट्टे आणि त्यांच्या आत मोजलं तर उणे ५०, उणे ७०. मोठ्यांमध्ये बद्धकोष्ठासाठी रोज रात्री झोपताना लिक्विड पॅराफिन घेणारे आजोबा, विशेषतः अर्धांगवायू होऊन गेलेले किंवा गिळायला त्रास असणारे, यांनाही होतो. जुना झाला की तो आकसून काटेरी गाठीसारखा दिसतो, पेट स्कॅनमध्ये चमकतोही, आणि हुबेहूब कॅन्सर वाटतो. इथे निदान मशीन अर्धंच करतं, बाकीचं अर्धं 'नाकात तोंडात कसलं तेल घालता का' या एका प्रश्नाने होतं, आणि तो प्रश्न दोष न देता विचारायचा, नाहीतर आई खरं सांगत नाही. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन नमुना काढणार असाल तर लॅबला आधी फोन करून सांगा, कारण नेहमीच्या प्रक्रियेत अल्कोहोल आणि झायलिनमध्ये चरबी विरघळून जाते आणि रिपोर्ट निरर्थक येतो, ताज्या नमुन्यावर ऑइल रेड ओ सारखा चरबीचा स्टेन लागतो. उपचारात पहिली गोष्ट म्हणजे ते तेल बंद.

मणक्याच्या दोन्ही बाजूंना, छातीच्या खालच्या भागात चरबीमिश्रित गाठी दिसल्या तर सुईचा विचार करण्याआधी हिमोग्लोबिन बघा. थॅलेसेमिया किंवा दुसऱ्या जुन्या रक्ताच्या आजारात शरीर हाडाबाहेर रक्त तयार करायला लागतं, त्या गाठी जुन्या झाल्या की त्यांत चरबी भरते. त्यांना सुई लावली तर रक्तस्राव होऊ शकतो. पेशंट विदर्भातल्या सिकलसेलच्या पट्ट्यातला असेल, किंवा घरात कोणाला लहानपणापासून रक्त द्यावं लागत असेल, तर हे नाव आधी डोक्यात यायला हवं, हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एक इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी बरंच काही सांगून जाते. मागच्याच बाजूला, बहुतेक डावीकडे, बॉकडालेक हर्निया असतो, प्रौढांमध्ये तो छोटा आणि बिनत्रासाचा, नुसती पोटामागची चरबी वर आलेली.

पाठीत खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी, वयस्कर बाईंना दोन्ही बाजूंना गाठ, हात पुढे केला की वर येते आणि खाली घेतला की लपते, ती इलास्टोफायब्रोमा, एक साधी गाठ. सीटीत स्नायूसारखे आणि चरबीचे पट्टे एकाआड एक. बघून सोडून द्यायची.

छातीत अचानक एका बाजूला टोचून दुखतंय, श्वास घेतला की वाढतंय, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची रक्त तपासणी) नॉर्मल, आणि सीटीत हृदयाच्या पिशवीला लागून अंडाकृती चरबी, तिच्याभोवती पांढरी कड आणि आजूबाजूला धुरकट रेषा, हे एपिपेरिकार्डियल फॅट नेक्रोसिस. चरबीच्या तुकड्याला सूज आलेली असते, वेदनाशामक गोळ्यांनी काही आठवड्यांत जाते. हे माहीत नसेल तर ट्यूमर समजून छाती उघडली जाते, तसं झालेलं आहे.

आता एमआरआय आणि पेट. एमआरआयमध्ये चरबी टी१ नावाच्या प्रतिमेत पांढरी दिसते, पण रक्त आणि घट्ट प्रोटीनचं पाणीही तसंच दिसतं, म्हणून फॅट सॅच्युरेशन करून, म्हणजे फक्त चरबीचा सिग्नल दाबून, ती काळी पडते का ते बघायचं. स्टिर या चरबी दाबण्याच्या दुसऱ्या पद्धतीत काळी पडली एवढ्यावर चरबी म्हणायची नाही, कारण त्यात रक्तासारख्या इतर गोष्टीही दबू शकतात. तुमच्या आईंसारख्या केसमध्ये सीटीनेच चरबी सिद्ध झाली असेल तर एमआरआयची गरज फक्त आतल्या पडद्यांबद्दल शंका असेल किंवा गाठ हृदयाच्या भिंतीत शिरलीय का बघायचं असेल तेव्हाच. एमआरआय खरा कामाला येतो तो तरुण पेशंटच्या थायमसमध्ये, केमोनंतर थायमस परत फुगतो तेव्हा त्यात डोळ्याला न दिसणारी चरबी असते आणि आऊट ऑफ फेज इमेजवर (ज्यात पाण्याचा आणि चरबीचा सिग्नल एकमेकांतून वजा होतो) थायमस उजेड गमावतो, ट्यूमर सहसा गमावत नाही.

पेट स्कॅन मात्र या कामासाठी पहिल्यांदा करू नका. खर्च होतो आणि घोळ वाढतो. तपकिरी चरबी नावाचा प्रकार शरीर गरम ठेवायचं काम करतो, पेट सेंटरच्या एसीत पेशंट तासभर कुडकुडत बसला की ती साखर ओढते आणि मानेत, मणक्याशेजारी झगमगते, म्हणूनच चांगल्या सेंटरमध्ये पेशंटला आधीपासून ब्लँकेट देतात. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात चरबी साठून तो डंबेलसारखा होतो, तोही पेटमध्ये चमकतो आणि तो निव्वळ निरुपद्रवी आहे. उलट, अगदी संथ वाढणारा लायपोसार्कोमा पेटमध्ये फिका राहू शकतो. म्हणजे चमकलं म्हणून कॅन्सर नाही आणि नाही चमकलं म्हणून निश्चिंत नाही.

तर तुम्ही काय करायचं ते सांगतो. सेंटरवरून फक्त फिल्म नाही, पूर्ण सीटीची सीडी मागून घ्या, त्यात बारीक स्लाइस आहेत ना ते विचारा, काही सेंटर जाड स्लाइसचीच सीडी देतात आणि मूळ डेटा काही दिवसांनी पुसला जातो, म्हणून उशीर नको. ती सीडी छातीचे स्कॅन नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे न्या, सोबत चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: मॉर्गानी हर्निया आहे का, डायफ्रॅममध्ये फट दिसते का, वाहिन्या पोटातून येतात का, गाठीत उजळणारा भाग आहे का. स्टिरॉइडचं नाव, डोस आणि किती वर्षं ते लिहा. छातीचे जुने एक्सरे घरात कुठल्या पिशवीत असतील तर तेही न्या, दहा वर्षांपूर्वीच्या एक्सरेत हीच सावली असेल तर त्याहून मोठा पुरावा नाही.

हर्निया निघाला तर सर्जनना भेटा. साठीतल्या पेशंटलाही बहुतेक सर्जन तो दुर्बिणीने दुरुस्त करून घ्या म्हणतात, कारण आज चरबी आहे, उद्या आतडं अडकू शकतं, पण दम्याची स्थिती बघून हा निर्णय तुम्ही आणि ते मिळून घ्याल. साधी एकसारखी चरबी निघाली तर सहा महिने ते वर्षाने परत एक सीटी, वाढ नसेल तर पुढे तेवढंच. आतला मांसल भाग निघाला तर थोरॅसिक सर्जन आणि ऑन्कोलॉजिस्ट दोघांना एकत्र दाखवा, आणि सुई त्या भागातच. मोतीबिंदूचं ऑपरेशन यासाठी सहसा अडत नाही, ते लोकल भुलीत होतं, फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना ही गाठ आणि स्टिरॉइड दोन्ही सांगून ठेवा.

आणि मधल्या काळात आईंना अचानक छातीत खाली किंवा पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, पोट फुगलं, गॅस सरकेनासा झाला, तर अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन वाट बघू नका. सर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या, सीडी बरोबर घ्या, आणि आत शिरल्याशिरल्या सांगा की डायफ्रॅमचा हर्निया असण्याची शक्यता आहे.